हसण्याआधीची करकर

माझे तोंड लाकडाचे, जीभही लाकडाची, आणि मला एकच शब्द येतो. मूठ धरून मला गरगर फिरवले की माझी पाती दातेरी चाकावरून घसरते आणि कर्कश 'कर्र-कर्र' उमटते. जत्रेतल्या पोरांच्या हाती शोभेल असा मी करकरा. परंतु मला घडवले ते खेळण्यासाठी नव्हे. विषारी वायू आला आहे, मुखवटे चढवा, एवढे सांगण्यासाठी माझा जन्म. त्यामुळे कोणी माझ्या मुठीला हात घातला की सर्वांत आधी धडकी भरते ती मलाच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी मी इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या एका गल्लीत, हवाई हल्ल्यांत लोकांना सावध करणारे वॉर्डन विल्फ्रेड गार्साइड यांच्या हाती आलो. दिवसा ते केशकर्तनाचे दुकान चालवत आणि संध्याकाळी लोखंडी टोप घालून गस्त घालत. मेव्हिस ही त्यांची सात वर्षांची, आईविना वाढणारी मुलगी.

वॉर्डनांना वास ओळखायला शिकवले जाई. एका वायूला कुजक्या गवताचा वास, दुसऱ्याला जिरॅनियमच्या फुलांचा, तिसऱ्याला मोहरीचा. या शिकवणुकीचा एक परिणाम असा झाला, की शेजारच्या मिसेस ब्लेंकिन यांनी जिरॅनियमच्या साऱ्या कुंड्या उचलून परसात टाकल्या. "उगाच गार्साइडसाहेबांच्या नाकाचा गोंधळ नको," असे त्या म्हणाल्या. भीती घरात शिरली की प्रथम वस्तूंच्या जागा बदलते, हे मी तेव्हा पाहिले.

एका संध्याकाळी, अजून पुरता उजेड असताना, बाँब पडले. धूळ बसते न बसते तोच वाऱ्यावर मोहरीचा झणझणीत वास आला. गार्साइड पांढरेफटक पडले. "गॅस! गॅस! मुखवटे चढवा!" असे ओरडत, मला फिरवत ते गल्लीच्या टोकापर्यंत धावले. आयुष्यात प्रथमच मी खरोखरीचा बोललो, आणि माझ्या आवाजासरशी दारे-खिडक्या आपटून बंद होताना ऐकल्या.

काही वेळाने मिसेस ब्लेंकिन मुखवटा कपाळावर सरकवून दारात आल्या. "अहो साहेब, कसला गॅस! लोणचं आहे हे! कोपऱ्यावरचा लोणच्याचा कारखाना फुटलाय. दर रविवारी खाते मी, मला वास कळत नाही होय?"

समोरच्या माडीवरून कोणी ओरडले, "मग नुसतं नाकात काय घालवताय? पाव घेऊन या की!"

गल्ली हसू लागली. मुखवट्यांच्या आतून हसण्याचा आवाज फार विचित्र येतो. गार्साइडही हसले, मला काखेत मारून घरी आले, आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले.

मेव्हिस फरशीवर पडली होती. एकटीने घाईत चढवलेला मुखवटा वाकडा बसला होता, रबर तोंडावर गच्च चिकटले होते आणि पट्टा वेणीत अडकला होता. ती कानामागे नखांनी ओरबाडत होती. गार्साइडांनी खिशातली केस कापायची कात्री काढली आणि वेणीसकट पट्टा कापला. बाहेर हास्याची दुसरी लाट उठली तेव्हा आत मेव्हिसने पहिला श्वास घेतला. बापलेकींखेरीज हे पाहिले ते फक्त मी.

गार्साइडांनी मला पुन्हा हात लावला नाही. युद्ध संपल्यावर मिसेस ब्लेंकिन यांच्या मुलाने, लेनर्डने, मला मागून घेतले, आणि काही वर्षे मी रग्बीच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गर्दीत त्याच्या हाती ओरडत राहिलो. पुढे लेनर्ड लेखक झाला. त्याने त्या गल्लीवर दूरदर्शनसाठी 'नाक सांभाळा' नावाची विनोदी मालिका लिहिली. तिच्यातला भित्रा वॉर्डन प्रत्येक भागात कशाचा तरी वास घेई आणि मला फिरवी. मला दिव्यांच्या झोतात नेऊन बसवले गेले. करकर झाली की प्रेक्षक पोट धरून हसत. लोणच्याचा भाग तर इतका गाजला, की तो दर काही वर्षांनी पुन्हा दाखवला जातो, आणि ज्यांचे आजोबाही त्या युद्धात लहान होते अशी मुले तो तोंडपाठ म्हणतात.

या टिकून राहण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लोकसमूह ज्या गोष्टीला भ्याला, तिचे तो पुढे सोंग काढतो. राक्षसाला उत्सवात नाचवतो आणि पोरांना त्याची शेपटी ओढू देतो. शनिवारच्या संध्याकाळी चहाचे कप घेऊन ही माणसे पडद्यासमोर बसत, ती केवळ विनोदासाठी नव्हे. 'त्या दिवशी काही झाले नाही, ते लोणचेच होते' हे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचे असे.

मेव्हिस मात्र ते कधीच ऐकत नसे. लेनर्ड गावी आला की हटकून विचारी, "काय गं, पाहिलीस का शनिवारची? तुझ्या बाबांनाच आणलंय पडद्यावर!"

"दिवे गेले होते आमच्याकडचे."

"एवढ्या गल्लीत तुमच्याच घरचे दिवे बरे जातात गं, आणि तेही माझ्याच वेळेला!"

ती हसून पुढे जाई. त्याच्या पिशवीच्या तोंडातून डोकावणाऱ्या माझ्याकडे ती बघतही नसे.

परवा गावच्या सभागृहात युद्धकाळाच्या आठवणींची मेजवानी होती. छतावर झेंड्यांच्या माळा, टेबलांवर डब्यातल्या मासळीचे सँडविच, भिंतीवरच्या पडद्यावर लोणच्याचा भाग. वाकलेला लेनर्ड मला घेऊन पाहुणा म्हणून आला होता. मेव्हिसला तिच्या सुनेने 'केक फार छान असतो' म्हणून आणले होते. पडद्यावर वॉर्डनने नाक फेंदारले, तशी कार्यक्रम चालवणाऱ्या ग्वेंडा ट्रॅनमर बाईंनी मला उचलले. मला मेव्हिस दिसत होती. नको, असे म्हणायला माझ्याजवळ शब्द नव्हता. होता तो एकच, आणि तोच त्यांनी माझ्याकडून वदवला.

कर्र-कर्र-कर्र!

सभागृह खदखदले. मेव्हिसच्या हातातला कप फुटला आणि ती टेबलाखाली सरकली.

"वा मेव्हिस! शाब्बास! अगदी पडद्यावरच्यासारखं!" कोणी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी ग्वेंडाबाईंना जोर आला. मी फिरत राहिलो. टेबलक्लॉथच्या झालरीखाली मला तिची बोटे दिसली, कानामागे ओरबाडणारी.

लेनर्डलाही ती दिसली. "ठेव तो! ग्वेंडा, ठेव म्हणतो ना!" त्याने मला हिसकावून घेतले आणि गुडघे टेकत, कण्हत टेबलाखाली शिरला.

"सरक जरा, मेव्हिस. माझा पाय राहिलाय बाहेर."

"लेनी, जा तू."

"कसा जाऊ? बाहेर लोणचं सांडलंय."

ती हसली नाही. लेनर्डने पाय आत ओढून घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी मुखवट्यातच ओकलो होतो. आईलासुद्धा सांगितलं नाही. बाहेर सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो. त्यानंतर थांबायचं कसं ते कळलंच नाही बघ."

"मला श्वासच येत नव्हता, लेनी. बाबांनी कात्रीनं पट्टा कापला, तेव्हा आला."

"हे तू कधी..." त्याने मला फरशीवर ठेवले. "माहीत असतं तर..."

"तर लिहिलं नसतंस?"

"लिहिलं असतं. कात्रीही लिहिली असती."

"आणि त्याला हसलं कोण असतं, मूर्खा?" ती म्हणाली. तिचा श्वास अजून फाटका येत होता. मग झालर किंचित वर करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ट्रॅनमर बाई, करकरा तर वाजवलात. आता घंटा?"

"घंटा? कसली हो घंटा?"

"करकरा म्हणजे गॅस आला. गॅस गेला की वॉर्डन हातातली घंटा वाजवतो. तोवर मुखवटा काढायचा नसतो. आमच्या गल्लीत ती वाजवायची त्या दिवशी राहूनच गेली. वाजल्याशिवाय मी बाहेर येणार नाही."

खरे होते. गार्साइड घंटा विसरले होते, आणि लेनर्डच्या मालिकेतही ती कधी वाजली नव्हती. लोणच्यापाशी हशा झाला की दृश्य संपे. इतकी वर्षे लोक हशालाच घंटा समजत आले. ज्यांना तो ऐकू आला ते सुटले. मेव्हिस त्या फरशीवरच राहिली.

सभागृहात घंटा नव्हती. कोणीतरी पडदा बंद केला. ग्वेंडाबाईंनी चमचा उचलला आणि रिकाम्या कपाच्या काठावर मारला. एकदा, मग पुन्हा. हळूहळू दुसऱ्या टेबलांवरूनही चमचे वाजू लागले. कोणी हसले नाही.

"चल," मेव्हिस लेनर्डला म्हणाली. "आधी तू नीघ. तुझाच गुडघा आडवा आलाय."

आता मी त्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही, आणि मालिका पुन्हा दाखवली जाणार आहे, असे ऐकतो. दार करकरले तरी मी दचकतो. तुम्ही येऊन मला खुशाल फिरवा, खुशाल हसा. त्या हसण्याला माझी ना नाही. परंतु मूठ धरण्यापूर्वी एकवार खोलीभर नजर टाका, आणि घंटा हाताशी असू द्या. मला घंटेचा शब्द येत नाही. तो तुम्हालाच उच्चारावा लागेल.