तास सुटल्यावर

"घंटा पाचला होते आणि आमची सून उगवते सहाला! मधला तास कुठं जातो, ते विचार तिला."

मथुराबाईंनी ही तक्रार थोरल्या मुलाकडे, श्रीपतरावांकडे केली. पण दांडिया बाजारातल्या ओट्यावर बसून, चार घरं ऐकतील अशी.

नलिनी त्यांची धाकटी सून. रिफायनरीत नोकरी करणारा तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हा मथुराबाईंनीच हट्टानं तिला नर्सिंगला घातलं. पण विधवा सून तास सुटल्यावर व्हरांड्यात मास्तरांशी बोलत उभी असते, असं कानावर आलं आणि त्यांचाच धीर सुटला. स्वतः दुसरी शिकलेल्या; वर्गाबाहेर मास्तरांशी काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. लोक काय बोलतात, ते मात्र तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाचच्या ठोक्याला श्रीपतराव सायकल घेऊन नर्सिंगच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहू लागले. नलिनी मुकाट्यानं वेळेवर घरी येऊ लागली.

दोन महिने गेले. मथुराबाईंना मधुमेह, रोज सकाळी खाण्याआधी नलिनीच इन्शुलिन टोचायची. त्या सकाळी तिनं बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि काचेची पिचकारी न भरताच वाटीत परत ठेवली.

"आई, ही बाटली वेगळी आहे. रोजची चाळीसच्या ताकदीची. ही ऐंशीची."

"दुकानात चाळीसची नव्हती," श्रीपतराव म्हणाले. "दुकानदार म्हणाला, एकज दवा छे, औषध एकच आहे. भर रोजच्या रेघेपर्यंत."

"नाही टोचणार, भाऊजी."

"मग शिकतेस काय तिथं?"

"शिकवलं होतं, मला नीट कळलं नाही. वर्गात साठ जणींत विचारायची छाती झाली नाही. नंतर विचारणार होते, पण..." ती थांबली. "जास्त गेलं तर आई झोपतील, त्या उठायच्या नाहीत."

मथुराबाईंनी पुढे केलेला दंड मागे घेतला. जन्मात कुणाला न भ्यालेली बाई बोटभर काचेला भ्याली. "श्रीपत, रिक्षा आण. हिच्या शाळेत जाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या.

तिघं पोचली तेव्हा तास सुरू व्हायचे होते; शाळेच्या व्हरांड्यात पांढऱ्या केसांचे गोविंदराव मास्तर बाकावर बसले होते. भोवती तीन मुली, वह्या उघडून. हेच ते बोलणं! मास्तरांनी पिचकारी हातात घेतली.

"हिला दोन कडा, दोन मापं. चाळीसच्या बाटलीला लाल, ऐंशीच्या बाटलीला ही हिरवी कड. रोजच्या रेघेपर्यंत भरलं असतंस तर दुप्पट गेलं असतं."

दोन मिनिटांचं काम. मग ते म्हणाले, "शिकवलं त्याच दिवशी का नाही विचारलंस, नलिनी? आधी रोज थांबायचीस, पहिल्या पाचांत होतीस. आता घंटा झाली की पळतेस. चाचणीत नापास झालीस."

नलिनीनं मास्तरांच्या हातून पिचकारी परत घेतली. कुणाचं नाव घेतलं नाही. ते न घेतलेलं नाव मथुराबाईंना सुईपेक्षा जास्त बोचलं. सून किती उशिरा येते, हे सगळ्या गल्लीनं मोजलं होतं. तिचं विचारायचं किती राहून गेलं, हे कुणीच नाही.

त्यांनी तिथंच बाकावर बसून दंड पुढे केला. नलिनीनं हिरव्या कडेनं औषध भरलं, टोचलं. आता ती अडली नाही.

मथुराबाई उठल्या आणि ओट्यावरच्याच आवाजात, फाटकापर्यंत जाईल असं म्हणाल्या, "नलिनी, आज पाचला घरी आलीस तर दार उघडायची नाही. सगळं विचारून झालं की ये. आणि श्रीपत, सायकल घरी ठेव. कुणी विचारलं सून कुठं आहे, तर सांग, सासूचा जीव कसा राखायचा ते विचारतेय!"