समुद्राखाली जायचा फॉर्म

तारकर्लीची सहल आमच्या घरात दिवाळीपासून ठरत होती, आणि ठरवत होते मी एकटी. भाऊ गोकुळ नुसते फाटे फोडत होता. त्याला गोवा हवा होता. मी त्याला आपल्या खिशाची आठवण करून दिली. शेगावहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढं एसटी, एका बाईंच्या घरी खोली आणि जेवणही त्यांच्याच हातचं. शनिवार-रविवार टाळला की समुद्राखाली बुडी मारायचा दरही कमी होता.

बाबांनी एकच विचारलं, "खाली दिसते काय वं सगळं?"

"हाव. मासे, पोवळी. चश्मा देतात ते."

"मंग माहं नाव टाक."

आमच्या अमडापुरात बाबांना शेतकरी म्हणून कमी आणि बुडी मारणारे उत्तमराव म्हणून जास्त ओळखतात. आसपासच्या गावांत विहिरीत कुणी गेलं, की आधी त्यांनाच बोलावणं येतं. कमरेला दोर बांधून उतरतात, तळाशी चाचपडतात, प्रेत वर आणतात. पैसे घेत नाहीत. नारळ तेवढा घेतात आणि तिथंच विहिरीवर फोडून येतात. नंतर दोन दिवस त्यांना जेवण जात नाही.

मग बुडी मारायला नेणाऱ्यांकडून मोबाईलवर फॉर्म आला. दम लागतो का? हो की नाही. फवारणी करून करून बाबांची छाती कामातून गेली आहे. ओसरीच्या तीन पायऱ्या चढले की खांब धरतात.

"नाही लिव," बाबा म्हणाले.

"अन् तिथं काही झालं तं?" मला रागच आला. मी 'हो' दाबलं आणि पाठवूनही दिलं. थोड्या वेळात उत्तर आलं. वडिलांना खाली नेता येणार नाही, किनाऱ्यावर बसू शकतील.

बाबांनी ते उत्तर मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"चाळीस वर्सं खाली जाऊन राह्यलो," मग ते म्हणाले. "गाळात हातानंच पाह्यलं. हाताले लागलं ते मेलेलंच. एक बार डोये उघडे ठेवून काही जितं पाहू म्हनलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोकुळ म्हणाला, दुसरीकडं फॉर्म भरू, खोटं लिहू. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साखरखेर्ड्याहून तुळशीराम पाटलांचा फोन आला. सकाळी एक बाई विहिरीत गेली होती, अजून सापडली नव्हती. बाबांनी खुंटीवरचा दोर काढला. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाबा, दम लागते तुमाले. नका जाऊ."

ते चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. दोर खांद्यावर घेऊन त्यांनी खांब धरला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

"तिथं फॉर्म नाही भरा लागत, बाई," ते म्हणाले.

बाहेर गोकुळनं गाडी सुरू केली होती. मी दारातून बाजूला झाले. त्या बाईला वर आणायला दुसरं कुणी नव्हतं.