अकरावं पोर

साक्षी बालगृहात आली त्याला तेवीस दिवस झाले होते, आणि तेवीस दिवस ती शाळेविना होती. सकाळी बाकीच्या पोरी वेण्या घालून, डबे घेऊन रांगेनं बाहेर पडायच्या, आणि ही नऊ वर्षांची पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलायची. चिमणाबाईंना ते बघवत नव्हतं. काळजीवाहक म्हणून एकोणीस वर्षं त्यांनी याच घरात काढली होती. 

शाळांची कोल्हापुरात काय वानवा! पण पहिल्या दोन शाळांनी "वर्षाच्या मधेच कुठं वो? जूनमध्ये या," म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका मुल्लाबाई तेवढ्या माणुसकीच्या निघाल्या. चौथीत एक जागा आहे, म्हणाल्या, पण जुन्या शाळेनं ऑनलाइन नोंदीतून नाव सोडल्याशिवाय ते इथं चढत नाही. शनिवारपर्यंत थांबते, मग दुसरा अर्ज घेते. जुन्या शाळेला बालगृहातून तीन पत्रं गेली, फोन तर रोजच. पलीकडून एकच उत्तर, "बघतो, करतो." शेवटी गुरुवारी चिमणाबाईंनी अधीक्षकांना सांगून टाकलं, "सायेब, कागदानं हालणारं माणूस न्हवं ते. मीच जाऊन येतो." आणि रंकाळा स्टँडवरनं गगनबावड्याची एसटी धरली.

फाट्यावर उतरून दीड तास चिखल तुडवला तेव्हा साक्षीची वाडी आली. दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत अण्णासो गुरुजी तिसरी-चौथीची बेरीज तपासत होते, दुसऱ्या खोलीतून एका तरुण बाईंचा आणि बारक्या पोरांचा आवाज येत होता.

"च्या घेणार?" गुरुजींनी विचारलं.

"च्या नको. साक्षीचं नाव सोडा."

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई, खरं सांगतो. साक्षी धरून माझा पट अकरा हाय. तीस तारखेला मोजणी. दहा झालं की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, असं शिक्षणखात्याचं सायेब तोंडावर सांगून गेल्यात. मग चार वर्ग आणि मी एकटा. एक तारखेला सोडतो की. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न हाय."

"आणि शनवारी तिची कोल्हापुरातली जागा गेली म्हंजे?"

चिमणाबाईंनी टेबलावरची हजेरी सरळ पुढं ओढली. साक्षीच्या नावापुढं महिनाभर बिनचूक हजर!

"अवो गुरुजी! पोरगी माझ्या डोळ्यांदेखत लसूण सोलतीया आणि हितं हजर?"

गुरुजींची मान खाली गेली. चिमणाबाईंना अजून दहा मिनिटं तरी बोलायचं होतं, सगळं येताना एसटीत ठरवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात शेजारच्या खोलीत त्या बाईंनी कुणाचा तरी हात धरून पाटीवर अक्षर गिरवलं, आणि पोर स्वतःच्याच अक्षराला खळखळून हसलं. झालं, बोलणं तिथंच अडकलं. दहा पोरांचं वाटोळं करून एकीचं भलं करायचं, हे काय त्यांना पटेना.

"वाडीत शाळंत न घातल्यालं एकबी पोर न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"हाय की. आक्काताईची धाकटी. सहा पुरी झाली. तीनदा जाऊन आलो, ऐकंना."

"घर दाखवा."

आक्काताई सोप्यात नाचणी पाखडत बसली होती. शेजारी कोंबडीमागं पळणारी ती धाकटी. चिमणाबाईंनी विषय काढायचा अवकाश, आक्काताई म्हणाली, "आता वर्षाच्या मधेच कुठं वो, पावणं? जूनमध्ये घालू की."

चिमणाबाईंचं डोकंच सणकलं. हेच ऐकून त्या दोन शाळांच्या पायऱ्या उतरल्या होत्या.

"पोरीला आज भूक लागली तर जूनमध्ये जेवाय घालतीस व्हय गं?"

आक्काताई सुपावरनं हात काढून बघतच राहिली. "तुमचं हितं कोण हाय म्हणून एवढं?"

"कोण न्हाय. साक्षीला शाळंत घालायची हाय आमच्या तितं. तिचं नाव हितनं निघाल्यावर एक पोर कमी पडतंय."

साक्षीचं नाव ऐकलं आणि आक्काताईचा आवाज उतरला. आई वारल्यावर पोरीचा बाप कोकणात कामाला म्हणून गेला तो गेलाच, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पोरगी महिनाभर ह्या घरी, त्या घरी जेवली, आणि शेवटी बालगृहाची गाडी येऊन घेऊन गेली.

"बरी हाय का ती?"

"जेवती, खाती. पर शाळा न्हाय तिला."

आक्काताई उठली. पत्र्याच्या पेटीतनं जन्माचा दाखला काढला, धाकटीचं तोंड खसाखसा धुतलं आणि तिला काखेत मारून पुढं चालायला लागली.

गुरुजींनी धाकटीचं नाव चढवलं. मग साक्षीच्या नावावर तांबडी रेघ मारली, आणि खिडकीच्या कोपऱ्यात जिथं रेंज येते तिथं उभं राहून मोबाइलवर तिचं नाव सोडलं. चिमणाबाई फाट्यावर पोचतात तोवर त्यांना मुल्लाबाईंचा फोन आला, "आलं हो नाव. उद्याच पाठवा पोरीला."

परतीच्या एसटीत चिमणाबाई एकट्याच हसत होत्या.

दिवेलागणीला त्या बालगृहात शिरल्या त्या ओरडतच, "साक्षे, उद्यापास्नं शाळा!"

साक्षी हसली नाही. "तितलं नाव काटलं?"

"काटलं की. त्याबिगर हितं चढत न्हाय."

"मग बा आल्यावर?" पोरीचे डोळे भरून आले. "बाला तीच शाळा म्हाईत हाय. तो तितंच इचारणार. गुरुजी म्हणणार, साक्षी न्हाय हितं."

तेवीस दिवस सगळ्यांनी पत्रं लिहिली, फोन केले, चिमणाबाई स्वतः चिखल तुडवून आल्या, आणि पोरीशी कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि साक्षीच्या हातात दिला.

साक्षीनं परकराला डोळे पुसले.

"गुरुजी, वही घ्या. बा आला तर सांगायचं हाय." मग चिमणाबाईंना विचारून विचारून तिनं शाळेचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, बालगृहाचा पत्ता सांगितला. "चौथी. तुकडी ब. लिवलं?"

पलीकडून गुरुजी "व्हय, व्हय," म्हणाले.

"मग वाचून दाखवा."