नानासोंच्या शेजारचं स्टूल

मित्रांनो, साताऱ्यातल्या एका लहानशा फौंड्रीच्या ऑफिसात, ड्रॉइंग तपासणाऱ्या नानासोंच्या टेबलाला खेटून एक जुनं सागवानी स्टूल उभं आहे. तेच मी. माझा एक पाय किंचित आखूड आहे. इथले पॅटर्न बनवणाऱ्या कुतुबुद्दीनचाचांनी उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं, आणि शेवटचा तुकडाच पुरला नाही, त्याला चाचा तरी काय करणार?

पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. त्याचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड होताना लोखंड आक्रसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो.

आमच्याकडे एक रीत होती. नवा माणूस लागला की सहा महिने त्यानं माझ्यावर बसायचं. नानासो काम करायचे, तो बघायचा. मधेच चाचा येऊन म्हणायचे, "हितं चुकलं बग, गड्या." राजवर्धन असाच शिकला, आज तो खंडाळ्याला मोठ्या कारखान्यात साहेब आहे. संयोगिता तर इतकी चुळबुळायची की माझे खिळे सैल झाले, पण तीही तयार झाली. या लोकांचा मला फार अभिमान आहे.

मग घरून काम सुरू झालं. ऑफिसातली टेबलं कमी झाली. मेढ्याची प्रियदर्शनी नोकरीला लागली, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं, "सर, महिनाभर तुमच्याजवळ येऊन बसू का?"

"कशाला रोज एसटीचे हेलपाटे घालतीस, पोरी?" नानासो म्हणाले. "अडलं तर फोन कर की."

नानासो मनानं वाईट नाहीत. तिची दगदग वाचावी, एवढंच त्यांना वाटलं. पण आपल्याला काय ठाऊक नाही हेच ठाऊक नसेल, तर माणूस फोन करून विचारणार काय?

चाचांची मोजपट्टी साधी नाही. लोखंड जेवढं आक्रसतं, तेवढ्या वाढीव खुणा तिच्यावर आधीच आहेत. म्हणून ड्रॉइंगमध्ये हवं तेच माप द्यायचं, ही आमची पद्धत. ती कुठंही लिहिलेली नाही. शेजारी बसलेल्याला दुसऱ्या दिवशी कळायची. प्रियदर्शनीनं कॉलेजात शिकल्याप्रमाणे पंपाच्या झाकणाचं माप वाढवून दिलं. चाचांच्या पट्टीनं ते पुन्हा वाढलं. नानासोंनी स्क्रीनवर घाईत नजर फिरवून ड्रॉइंग पुढे धाडलं होतं. सगळी झाकणं मोठी निघाली आणि भंगारात गेली.

खापर एकट्या पोरीवर फुटलं. वरच्या साहेबांनी तिला काढून टाकलं आणि मीटिंगमध्ये नानासो खाली मान घालून गप्प बसले. मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

लॅपटॉप परत द्यायला ती आली, तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर बसली. चाचांनी साधी पट्टी आणि त्यांची पट्टी तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. तिनं दोन्हींच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"एवढंच होतं, चाचा?"

"एवढंच, बेटी. आमाला वाटलं, तुला ठावं हाय."

ती रडली नाही. उठली आणि एसटी गाठायला निघाली. पाच मिनिटंही बसली नसेल.

आता माझ्यावर पाण्याचा जार असतो. ओल मुरून माझी फळी फुगली आहे. त्याचं काही नाही. पण प्रियदर्शनीच्या जागी जतची दीपमाला लागली आहे, आणि तीही घरूनच काम करते. पट्टीचं तेवढं तिला मेलवर कळवलंय. बाकीच्या शंभर गोष्टी कुणीच सांगितलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली कुणी नवं येईल. त्याला जवळ बसवून घ्या. ते जमलं नाही तर व्हिडिओ कॉल लावून ठेवा, पण तुमचं काम त्याला बघू द्या. त्याच्या विचारण्याची वाट बघू नका. मला दीपमालेशी बोलता येत नाही. नानासोंना येतं. दीपमालेचं पहिलं ड्रॉइंग आज सकाळी आलं. त्यांनी ते पाहिलं, पुढे धाडलं आणि ते जेवायला गेले.