रडूबाई

सिनेमात मूल रडलं की प्रेक्षक रुमाल काढतात. ते मूल रडलं कसं, या भानगडीत कुणी पडत नाही. पडले असते तर निदान एका बाईला उत्तर तयार ठेवावं लागलं असतं.

ही बाई सेटवर मुलांची तालीम घेई. पन्नाशी उलटलेली, आवाजानं गोड, चालीनं जड. युनिटमधले सगळे तिला रडूबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट मान ताठ होई. पोरांना हसवणारे पैशाला पासरी मिळतात, रडवून दाखवा, असं तिचं म्हणणं. त्यात तिचा एक नियम होता, मुलाच्या अंगाला हात लावायचा नाही. ती स्वतः नऊ वर्षांची असताना कॅमेऱ्यासमोर उभी होती आणि डोळ्यांत पाणी येईना म्हणून दिग्दर्शकानं तिच्या कानाखाली वाजवली होती. शॉट अप्रतिम झाला. आपण मोठेपणी असलं काही करायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं. मोठेपणी ती खोटं बोलायला लागली.

तिची रीत साधी होती. मुलाच्या आईला बाजूला घेऊन विचारायचं, याच्या मनाला सगळ्यात जास्त काय लागतं. मग शॉटच्या दोन मिनिटं आधी मुलाच्या कानात तेवढंच सांगायचं. तुझं कुत्रं हरवलं. तुझी आई तुला सोडून घरी गेली. मूल ओक्साबोक्शी रडे, कॅमेरा आपलं काम करी, आणि ‘कट’ म्हणून होतंय न होतंय तोवर रडूबाई मुलाला पोटाशी धरून सांगे, अरे वेड्या, खोटं होतं ते. दहा मिनिटांचं खोटं. त्यानं कुणाचं काय वाकडं होणार? वीस-बावीस सिनेमे तिनं असे काढले आणि एकाही मुलाची आठवण तिला टोचली नाही.

या सिनेमात दोन मुली होत्या, दोघी अकरा वर्षांच्या. गोष्ट नेहमीचीच. एक सुट्टी, एक रिकामं गोदाम, तिथं दोघींचा गुप्त अड्डा, मग भांडण, मग दिलजमाई, आणि शेवटी दोघी थोड्या मोठ्या झालेल्या. सहकुटुंब बघावा असा सिनेमा. दिग्दर्शक तरुण होता आणि तरुण माणसाला असतो तसा त्याला खऱ्याचा सोस होता. खोटी मैत्री पडद्यावर लगेच उघडी पडते म्हणून त्याला खऱ्याच मैत्रिणी हव्या होत्या. शाळाशाळांतून साठ जोड्या बघून त्यानं एक जोडी उचलली. एका बाकावर बसणारी, एकाच डब्यात जेवणारी.

त्यातली एक टिल्ली. उंचीनं एवढीशी, पण तोंड असं की ती बोलायला लागली म्हणजे समोरच्यानं खुर्ची शोधावी. दुसरी घुमी. तिनं दिवसभरात चार शब्द खर्च केले तर त्यातले दोन ‘हं’ असत. टिल्लीची आई सेटवर मुक्कामाला होती. घुमीची आई टपाल कचेरीत खिडकीवर बसे, तिला रजा मिळाली नाही, म्हणून तिनं आपली मुलगी टिल्लीच्या आईच्या स्वाधीन केली होती. घुमीचे वडील बोटीवर नोकरीला होते, वर्षातून कधीतरी येत, असं शाळेत, गल्लीत आणि आता युनिटमध्येही सगळ्यांना माहीत होतं.

सिनेमाचं चित्रीकरण गोष्टीच्या क्रमानं होत नाही. बाग आधी मोकळी मिळाली म्हणून दिलजमाईचा सीन पहिल्याच आठवड्यात उरकला. त्यात दोघींनी पळत येऊन एकमेकींना मिठी मारायची होती. मारली ती अशी की दोघी गवतात पडल्या, हसून हसून टिल्लीला ठसका लागला आणि घुमी तिची पाठ चोळत बसली. दिग्दर्शकानं कॅमेरा थांबवलाच नाही. रडूबाईला त्या दिवशी काही कामच उरलं नव्हतं, ती सावलीत पाय पसरून बसली आणि तिलाही ते बघून बरं वाटलं.

भांडणाचा सीन तिसऱ्या आठवड्यात आला. टिल्लीनं रडत ओरडायचं, ‘जा तू, पुन्हा इथं येऊ नकोस,’ आणि घुमीनं निघून जायचं. कॅमेरा टिल्लीच्या पाठीमागून घुमीच्या तोंडावर. एवढंच. पण टिल्ली घुमीकडे बघून ‘जा’ म्हणायची आणि फिस्सकन हसायची, मग घुमीलाही हसू फुटायचं. सहा वेळा झालं. गोदाम संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं. दिग्दर्शकानं रडूबाईकडे बघितलं. त्याला तोंडानं काही सांगावं लागलं नाही.

टिल्लीची आई एका खोक्यावर बसून लोकरीचं काहीतरी विणत होती. रडूबाई तिच्याशेजारी टेकली.

“हिच्या मनाला कशानं लागेल?”

“तिला कशानंच लागत नाही,” आई म्हणाली. मग सुया थांबल्या. “एक आहे. पण नको.”

“पोरीचाच सीन आहे. दहा मिनिटांचं काम. मी लगेच खरं काय ते सांगते.”

आईनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. टिल्ली अजून अंथरूण ओलं करायची. रोज नाही, पण करायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. आईखेरीज फक्त घुमीला ठाऊक होतं. “इथं तर बरी आहे म्हणा,” आई म्हणाली. “फक्त दोनतीनदा घुमीच्या हातून गादीवर पाणी सांडलं. वेंधळी आहे ती.”

रडूबाईला हवं ते मिळालं होतं, बाकीचं तिनं कानाआड केलं. ती टिल्लीजवळ गेली, तिच्या केसांतून हात फिरवला आणि गोड आवाजात म्हणाली, “तुला कुणी चिडवलं तर मनावर घेऊ नकोस हं. घुमीनं मेकअपच्या खोलीत सगळ्यांना सांगितलंय, तू अंथरुणात काय करतेस ते. सगळे हसत होते, पण मी त्यांना गप्प केलं.”

टिल्लीचं तोंड पांढरं पडलं. तिनं एक शब्द विचारला नाही. रडूबाईनं दिग्दर्शकाला मान हलवून खूण केली आणि बाजूला झाली.

कॅमेरा सुरू झाला. टिल्ली रडली, आणि काय रडली. पण ठरलेलं वाक्य तिच्या तोंडातून आलंच नाही. ती घुमीच्या समोर गेली आणि ओरडली, “तुझा बाप बोटीवर नाहीये. तो दोन स्टॉप पलीकडे राहतो. दुसऱ्या पोरीला बूट घेऊन देत होता आणि तुला बघून त्यानं तोंड फिरवलं.”

घुमी जागची हलली नाही. तिच्या तोंडातून एक बारीक आवाज आला, उचकी अर्ध्यात अडकावी तसा. गोदामात पंचवीस माणसं होती, त्यातल्या एकाचाही पाय हलला नाही. मग घुमी वळली आणि दारातून बाहेर गेली. तिनं जायचं असंच ठरलेलं होतं.

“कट,” दिग्दर्शक म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला.

रडूबाई आपल्या कामाला लागली. तिनं टिल्लीला पोटाशी धरलं. “खोटं होतं ग राणी. घुमी कुणाला काही बोललेली नाही. मीच बनवून सांगितलं, तुला रडू यावं म्हणून.”

टिल्ली तिच्यापासून दूर झाली.

“म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं?”

“नाही ग.”

“आणि मी सांगितलं ते?”

रडूबाईचं खोटं तिला परत घेता येत होतं. टिल्लीचं खरं होतं.

घुमी गोदामामागे पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. रडूबाईनं तिलाही सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. चूक माझी, टिल्लीची नाही, असं तीनतीनदा म्हणाली. घुमीनं ऐकून घेतलं.

“पण तिला खरं वाटलं,” ती म्हणाली. “मी सकाळी लवकर उठून त्या गादीवर तांब्याभर पाणी ओतायचे. काकू मला वेंधळी म्हणायच्या. तरी तिला खरं वाटलं.”

‘होईल सगळं ठीक’ असं काहीतरी रडूबाई पुटपुटली, आणि ते बोलताना तिला स्वतःचाच तिटकारा आला. उरलेले आठ दिवस घुमी वेशभूषेच्या खोलीत कपड्यांच्या पेट्यांच्या आडोशाला झोपली. कॅमेऱ्यासमोर दोघी सांगितलेलं बिनचूक करत. कॅमेरा बंद झाला की एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

दिग्दर्शक मात्र हरखून गेला होता. त्यानं पटकथा फिरवली, सिनेमातल्या मुलीच्या बापालाही बोटीवर चढवलं, सुरुवातीला त्याची दोन वाक्यं घातली. रडूबाईनं हात जोडले, टिल्लीचं ते वाक्य काढा म्हणून. तो म्हणाला, ताई, ते काढलं तर सिनेमात उरतं काय? घुमीच्या आईला फोन गेला. बाप सिनेमातल्या मुलीचा आहे, कुणाचं नाव नाही, असं तिला समजावण्यात आलं. ती ‘बरं’ म्हणाली. खिडकीसमोर रांग असेल, तिनं फोन ठेवला.

चार महिन्यांनी आवाज भरायचं काम निघालं. गोदामाच्या शेजारी जनरेटर धडधडत होता, त्या सीनमधला आवाज काही कामाचा नव्हता. मुलींनी पडद्यावर बघून सगळं पुन्हा बोलायचं होतं. हे कळलं तेव्हा रडूबाईच्या जिवात जीव आला. सीनमध्ये टिल्ली पाठमोरी होती. तिचे ओठ दिसत नव्हते. तिथं दुसरं कुठलंही वाक्य बसलं असतं. ती तीन दिवस दिग्दर्शकाच्या मागे लागली, त्याच्या दारात बसली, या सिनेमावर माझं नाव नाही दिलंत तरी चालेल म्हणाली. शेवटी तो वैतागून म्हणाला, “त्या घुमीलाच विचारा. तिला बदलायचं असेल तर बदलू.”

रडूबाईनं घरी बसून सेकंद मोजत नवं वाक्य लिहिलं, तेवढ्याच लांबीचं. ‘तू माझी मैत्रीण कधीच नव्हतीस’ वगैरे. साधं, रागाचं, कुठल्याही दोन मुलींचं. आयुष्यात पहिल्यांदा ती एखादी गोष्ट निस्तरायला निघाली होती.

आवाजाच्या त्या बंद खोलीत दोघी दोन माईकसमोर उभ्या होत्या. टिल्लीची उंची वाढली होती. बडबड पार गेली होती. रडूबाईनं तिच्या हातात कागद दिला. टिल्लीनं वाचला, दोनदा वाचला, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा आली की बघवेना.

घुमीनं हात पुढे करून कागद घेतला.

“हे कोण म्हणालं होतं?”

“कुणीच नाही, बाळा. तुझ्यासाठी बदललंय.”

“मला नको.”

“अगं, सिनेमा सगळीकडे लागेल. सगळ्यांना कळेल.”

“कळलंय, मावशी. बाबांनी बोटीवरून काय आणलं, असं आता मला कुणीच विचारत नाही.” तिनं कागदाची घडी घालून परत दिली. “हे बदललं तर ती उद्या म्हणेल, मी असं म्हटलंच नव्हतं. जे म्हटलंय तेच म्हणू दे.”

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला. “मुलगी म्हणते ते बरोबर आहे, ताई.”

पडद्यावर गोदाम दिसलं. टिल्लीनं वाक्य म्हटलं, पुटपुटल्यासारखं.

“असं नाही,” घुमी म्हणाली. “जोरात म्हटलं होतंस.”

पुन्हा. “बोटीवर नाहीये, इथं आवाज चढला होता.” पुन्हा. “बूट म्हणताना तू माझ्या पायांकडे बघितलं होतंस.” घुमीच्या आवाजात राग नव्हता. शुद्धलेखन तपासावं तशी ती एकेक चूक दाखवत होती, आणि ती सांगे ते दर वेळी बरोबर निघत होतं.

पाचव्या वेळी टिल्ली कोसळली. हुंदक्यांत वाक्य बुडून गेलं. ध्वनिमुद्रक काचेमागून म्हणाला, असं चालणार नाही, शब्द कळत नाहीत, जरा रडणं थांबवा. रडूबाई उठली. मुलांना रडवण्यात तिची हयात गेली होती, रडणं थांबवायचं तर तिच्यापाशी एकच मात्रा होती.

“खोटं आहे ग सगळं,” ती टिल्लीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. “सिनेमा आहे.”

“मावशी, तुम्ही आता बोलू नका,” टिल्ली म्हणाली आणि तिनं तो हात काढून ठेवला.

तिनं बाहीनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माईकसमोर सरळ उभी राहिली. पडद्यावरची छोटी पाठमोरी मुलगी पुढे झाली. टिल्लीनं वाक्य म्हटलं. जोरात, स्पष्ट, ‘बोटीवर’वर चढलेलं, आणि ‘बूट’ म्हणताना तिची नजर खरोखरच घुमीच्या पायांकडे गेली. शेवटचा शब्द संपला तशी घुमी माईककडे झुकली आणि तिनं तो अडकलेल्या उचकीचा आवाज काढला. पहिल्याच वेळी, हुबेहूब.

“वा,” दिग्दर्शक म्हणाला. “काय तयार केल्यात पोरी, ताई.”

घुमीनं कानावरचे हेडफोन काढून खुंटीला लावले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं टिल्लीच्या डोळ्यांत बघितलं.

“हं,” ती म्हणाली. “असंच म्हणाली होतीस.”