ढग गेल्यावर येणारा इशारा

परंड्याच्या बसस्टँडसमोर खाजाभाईंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याच्या माडीवर त्यांच्या मुलीचा, अनिसाचा, कॉम्प्युटर क्लास. एकोणतीस वर्षांची अनिसा डोक्यानं तल्लख आणि तोंडानं फटकळ. पण तालुक्यात तिचं नाव झालं होतं ते क्लासमुळं नव्हे, 'विज्ञान कट्टा' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळं. तीनशेच्या वर माणसं त्यात होती. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं. फोन उशाशी ठेवून झोपलं तर मेंदू शिजतो का, चार्जिंगला लावून बोललं तर स्फोट होतो का, नव्या अपडेटनं फोन का अडकतो, असले वाद दिवसभर चालायचे. वाद हाताबाहेर गेला की कुणीतरी लिहायचंच, "अनिसा मॅडमला विचारा." मग अनिसा दोन ओळींत निकाल लावायची, आणि त्या दोन ओळींत एक टोमणा हमखास असायचा. लोक त्या टोमण्याची वाट बघायचे. तिलाही ते ठाऊक होतं.

धोंडीबा या ग्रुपात आला तो खाजाभाईंमुळं. सीना नदीच्या अंगाला, परंड्यापासून आठेक किलोमीटरवर त्याची वस्ती. पंप दुरुस्तीला आला की तो माडीवर डोकवायचा. पुतण्यानं दिलेला फोन सगळा इंग्रजीत होता, तो अनिसानंच त्याला मराठीत करून दिला. घड्याळात 12 ऐवजी १२ असे मराठी आकडे दिसले तेव्हा म्हातारा लहान लेकरासारखा हसला होता. "आता वाचता येतंय बघ," म्हणाला.

मार्चमध्ये त्यानं ग्रुपात पहिल्यांदा प्रश्न टाकला. त्याची बायको गौराबाई पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली. अशा माणसाकडं वीज ओढली जाते असं गावोगाव मानतात. त्यामुळं आभाळ भरून आलं की गौराबाई घराबाहेर पडायची नाही, आणि लग्न झाल्यापासून धोंडीबानं तिला कधी पडूही दिलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, हे खरं का खोटं.

अनिसानं त्या दिवशी मनापासून लिहिलं. वीज माणसाचा जन्म बघत नाही, उंच झाड बघते, उघडं रान बघते. "बाईला चाळीस वर्षं उगाच कोंडून ठेवलंत, काका," असंही लिहिलं. खाली टाळ्या पडल्या. मग तिनं त्याला माडीवर बोलावून 'मेघसाद' नावाचं अ‍ॅप घालून दिलं. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते अर्धा तास आधी मोठ्यानं वाजायचं. "हे वाजलं की सगळ्यांनीच घरात जायचं. पायाळूनं पण आणि बिनपायाळूनं पण."

एप्रिलच्या शेवटी धोंडीबानं पुन्हा लिहिलं. बोलून टाइप केलेलं, त्यामुळं शब्द वेडेवाकडे. "म्याडम त्ये मेगसाद उशिरा वाजतंय. ढग निगून गेल्यावर वाजतंय. दोन टायम झालं."

त्यावर चांगलाच वाद रंगला. पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर करणारा शिवप्रसाद म्हणाला, हा बग नाही, वापरणाऱ्याची चूक. माझ्या फोनवर झक्कास चालतं. कुणी म्हणालं रेंजचा घोळ, कुणी बॅटरी वाचवायच्या सेटिंगवर घसरलं. अनिसानं आपल्या फोनवर बघितलं. इशारे वेळेवर आलेले. तिनं लिहिलं, "काका, अ‍ॅप वेळेवर निघतं, तुमचा फोन म्हशीवर बसून येतो. फोन घरात कोनाड्यात ठेवू नका, खिशात ठेवा, रेंज मिळेल."

हसण्याची चिन्हं मोजता येणार नाहीत इतकी आली. बऱ्याच वेळानं धोंडीबाचं उत्तर आलं, "बरं. आमी अडाणी. खिशात ठिवतो." त्यानंतर तो ग्रुपात बोलला नाही, आणि तो बोलत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, गौराबाईवर वीज पडली.

अनिसाला ते ग्रुपातूनच कळलं. कुणीतरी जळक्या कडुलिंबाच्या झाडाचा फोटो टाकला होता, खाली नाव, गाव, आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". पाचच मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "बाई पायाळू होती म्हणे." मग दुसऱ्यानं, "बघा, जुनी माणसं उगाच सांगत नव्हती." शिवप्रसाद त्यांच्यावर तुटून पडला. विजेचा दाब, जमिनीची ओल, झाडाची उंची, सगळं त्यानं मांडलं. समोरचेही हटेनात. जिची माती अजून व्हायची होती त्या बाईवर संध्याकाळपर्यंत दोनशे संदेश झाले. "अनिसा मॅडम कुठं आहेत?" असं तिघांनी विचारलं. अनिसानं चारदा लिहायला घेतलं आणि चारदा खोडलं.

खाजाभाई मातीला जाऊन आले. चौथ्या दिवशी अनिसा त्यांच्यासोबत स्कूटरवर वस्तीवर गेली.

धोंडीबा पत्र्याच्या सावलीत घोंगडीवर बसला होता. खाजाभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारी टेकले. धोंडीबाची थोरली बहीण कडूबाई पाणी घेऊन आली. "काय करावं भाई," ती म्हणाली, "पायाळू व्हती. कवातरी व्हायचंच व्हतं. इतकी वर्सं जपली, अन एक दिस ईसरला."

"ईसरलो न्हाय म्या," धोंडीबा म्हणाला. त्यानं अनिसाकडं बघितलं. "साडेतीनला म्या ह्ये उघडून बघितलं. काय नव्हतं. लांब बार्शीकडं जरा काळं दिसत व्हतं. ती म्हणली शेरडं सोडून आणते. म्या म्हणलो, जा, इशारा न्हाय आला. पयल्यांदा म्या तिला ढग असताना जा म्हणलो बघ. खिशात व्हता फोन. तू सांगितल्यावानी."

त्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला. "दवाखान्यात पुतण्याला लावायला काढला तर ह्येच्यावर बोट पडलं. तवा वाजला. डाक्टर बाहीर आलेला, अन ह्यो वाजतुया."

अनिसानं अ‍ॅप उघडलं. इशारा तिथं होता. 'आपल्या परिसरात वीज कोसळण्याची शक्यता. सुरक्षित ठिकाणी जा.' पाठवल्याची वेळ, ३:४०. वाजल्याची वेळ, ५:५५.

रेंजचा घोळ असता तर फोनला मधल्या वेळात काहीच आलं नसतं. पण त्याच फोनवर पावणेचारला पुतण्याचा मेसेज येऊन पडलेला तिला दिसला. म्हणजे रेंज होती. इशारा फोनपर्यंत पोचला होता आणि आतच गप्प बसून राहिला होता.

"काका, दोन दिवस हा फोन मला द्याल?"

"ठिव. मला आता कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी परंड्यावर आभाळ आलं. अनिसानं क्लासला सुटी दिली आणि टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. आपला आणि धोंडीबाचा. तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन कर्कश वाजला. धोंडीबाचा वाजला नाही. तिनं पाच मिनिटं वाट बघितली. मग तो उघडून अ‍ॅपवर बोट ठेवलं, तसा तो लगेच वाजला.

दोन्ही फोनांतली एकेक गोष्ट ती ताडून बघत गेली. बॅटरीचं सेटिंग, परवानग्या, अ‍ॅपची आवृत्ती. सगळं सारखं. शेवटी एकच फरक उरला. तिचा फोन इंग्रजीत होता, धोंडीबाचा मराठीत. तिनं स्वतःचा फोन मराठीत केला आणि बसून राहिली. चारच्या दरम्यान पुन्हा गडगडलं. खालच्या दुकानात कुणाच्या तरी खिशात इशारा वाजलेला तिला जिन्यातून ऐकू आला. तिच्यासमोरचे दोन्ही फोन मुके होते.

मराठी आकड्यांत लिहिलेली वेळ त्या अ‍ॅपला वाचता येत नव्हती, आणि वेळ कळली नाही की ते इशारा बाजूला ठेवून द्यायचं, माणूस उघडून बघेपर्यंत. हे कंपनीनं पुढं अकरा दिवसांनी कळवलं. पण अनिसाला त्या दुपारीच पुरेसं कळलं होतं. शिवप्रसादचा फोन इंग्रजीत. तिचा इंग्रजीत. ग्रुपात तावातावानं भांडणाऱ्या सगळ्यांचे इंग्रजीत. त्या वादात ज्याचा मराठीत होता तो एकच माणूस खरं सांगत होता, आणि त्याचा फोन मराठीत तिनंच केला होता. एक प्रश्न विचारायचा होता, "काका, फोन घेऊन येता का, बघू." माडीवर यायला त्याला पाऊण तास लागला असता.

तिनं सगळं ग्रुपात लिहिलं. आपला टोमणाही परत लिहिला, 'हे मी म्हणाले होते' म्हणून. मग शिवप्रसाद उगवला. "भारी पकडलंस. अशा चुका तपासणीत सापडतच नाहीत." मग दोष अ‍ॅपवाल्यांचा की फोनवाल्यांचा, यावर जुंपली. अर्ध्या तासात कुणीतरी चंद्रावरच्या पाण्याचा व्हिडिओ टाकला आणि वाद तिकडं वाहत गेला. दोघातिघांनी मात्र लिहिलं की आमचाही फोन मराठीत आहे, आता काय करू. त्यांना तिनं एकेकाला फोन करून सांगितलं.

शिवप्रसादनं तिला वेगळा मेसेज पाठवला. "म्हाताऱ्याला सांगत बसू नकोस. बायको पायाळू होती म्हणून गेली असं मानून तो शांत राहील. खरं ऐकून त्याला काय मिळणार?"

अनिसाला त्यात तथ्य वाटलं, हेच तिला जास्त टोचलं. तिनं जेवताना अब्बांना विचारलं. खाजाभाईंनी घास खाली ठेवला. "सांगायचं की नाही ते तू ठरव बेटा. पण सांगणार असशील तर बसून सांग. उभ्या उभ्या नको."

धोंडीबाचा फोन घेऊन ती एकटीच गेली. घोंगडीच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून सांगितलं. फोन मराठीत केला तिथपासून म्हशीपर्यंत. कडूबाई दारात उभी राहून ऐकत होती.

धोंडीबा म्हणाला, "म्हंजी त्या टायमाला म्या खरं बोललो व्हतो."

"हो काका."

"अन तुमी समदी हसला."

"मी आधी हसले. मग बाकीचे."

"अन तिच्यात काय खोट नव्हती."

"काहीच नव्हती. झाड उंच होतं आणि त्या झाडाखाली शेरडं होती, म्हणून त्या तिथं होत्या."

त्याचा जबडा हलला. रडतो की ओरडतो, तिला कळेना. दोन्ही झालं नाही. तिनं हळूच विचारलं, "फोन इंग्रजीत करून देऊ का? कंपनी दुरुस्त करेपर्यंत तरी नीट वाजेल."

"मला इंग्रजी येत न्हाय," धोंडीबा म्हणाला. "आता तू जा."

ती निघाली. स्कूटर चालू करीपर्यंत मागून त्याची हाक आली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. काय बदललं या रकान्यात दोनच शब्द होते, 'किरकोळ सुधारणा'. अनिसानं ते वाचलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. त्याच आठवड्यात धोंडीबा पंप घेऊन दुकानात आला. खाजाभाईंशी बोलला, आणि मग माडीवर न चढता जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "बाई, जरा खाली ये."

ती धावत आली.

"माझी नात हाय, वैष्णवी. आठ वर्सांची. ती बी पायाळू हाय." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "गौरा गेल्यापास्नं बायकांनी तिला उंबऱ्याच्या आत घातलीया. जरा आभाळ आलं की कडी लावत्यात. साळा सुरू व्हईल आता, म्हणत्यात धाडायची न्हाय. ती पोरगी आजीगत मरंल म्हणून रडतीया. म्या सांगतो तर माझं कोण ऐकतंय. तू ये. मोबाईलवर लिवू नकू. समोर येऊन सांग."

रविवारी ती गेली. पत्र्याखाली दहा-बारा बायका बसल्या होत्या. वैष्णवी कडूबाईच्या पदराआड. ग्रुपात अनिसाला शब्द कधी शोधावे लागले नव्हते, इथं पहिलंच वाक्य तिनं दोनदा सुरू केलं. तिनं टोमणा न मारता, हळूहळू, झाडाचं, उघड्या रानाचं, उंचीचं सांगितलं. गडगडाट ऐकू आला की लिंबाखाली नाही, पक्क्या घरात जायचं, मग अ‍ॅप वाजो की न वाजो. अ‍ॅपचंही सांगितलं, लपवलं नाही. बायकांनी ऐकून घेतलं. पटलं असं कुणाच्या तोंडावर दिसलं नाही.

शेवटी कडूबाई म्हणाली, "समदं खरं मानलं. त्या दिशी बांधावर अजून चार बाया व्हत्या. एक तर झाडापास्नं धा पावलांवर. मग हिच्यावरच का पडली?"

पूर्वीची अनिसा असती तर काहीतरी बोलून गेली असती. "ते मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. "कुणालाच सांगता येत नाही. पण गौराबाई पायांकडून जन्मल्या म्हणून नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे."

कडूबाईनं मान हलवली नाही. पदराआडची पोर मात्र बाहेर सरकून अनिसाच्या हातातल्या फोनकडं बघत होती.

शाळा सुरू झाली त्या दिवशी वैष्णवी शाळेत गेली, असं खाजाभाईंना कळलं. आभाळ त्या दिवशी निरभ्र होतं. ढग आल्यावर काय झालं ते अनिसानं विचारलं नाही. धोंडीबा पुन्हा माडीवर आला नाही.