दोरीबाहेरचं बारसं

क्लॅरेन्सला उचकी लागली ती शनिवारी, आणि शनिवारी त्याला उचकी लागायचीच. फ्रीटाउनच्या त्या चढणीच्या गल्लीत शनिवारी घरोघरी फुफू असे. आंबवलेल्या कसाव्याचा तो मऊ गोळा चावायचा नसतो, पाल्याच्या कालवणात बुडवून तसाच गिळायचा असतो. क्लॅरेन्सला लहानपणापासून दम म्हणून नव्हता. लिंबाएवढा गोळा घ्यायचा तिथे तो मुठीएवढा घ्यायचा आणि मग ओसरीवर बसून उचक्या देत राहायचा. पोरे त्याच्या प्रत्येक उचकीला टाळी वाजवायची. "लागली क्लॅरेन्सला, आता आपणही वाढून घेऊ," असे म्हणत शेजारणी चुलीवरची भांडी उतरवायच्या.

पण त्या वर्षी इबोलाने सगळ्यांचीच मती गुंग केली होती. ताप, उलट्या, उचक्या ही लक्षणे रेडिओवर सांगितली होती, त्यातली उचकी गल्लीने तेवढी पक्की धरून ठेवली. कुणीतरी फोन केला. पांढऱ्या पोशाखातली माणसे आली, त्यांनी घरभर क्लोरीन फवारले, ताटातल्या फुफूवरसुद्धा, आणि क्लॅरेन्सला गाडीत घालून नेले. त्या धसक्याने त्याच्या बायकोला, व्हायोलाला, कळा सुरू झाल्या. तिचे बाळंतपण क्लॅरेन्सच्या थोरल्या बहिणीने, रोंकेने, एकटीने केले. तिने हाका मारमारून घसा बसवला, पण गल्लीतले एकही दार उघडले नाही. ही रोंके कपडे शिवायची, अविवाहित होती, आणि तिच्या जिभेला गल्लीतला प्रत्येक पुरुष वचकून होता.

दोन दिवसांनी क्लॅरेन्स सुटून आला. सोबत आलेल्या नर्सने गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडून सांगितले, "रक्त स्वच्छ आहे. याला काही झालेलं नाही. फक्त सावकाश जेव म्हणावं!" सगळ्यांनी ऐकले आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. तोवर गल्लीच्या समितीने घराभोवती निळी नायलॉनची दोरी बांधली होती. समितीचे अध्यक्ष होते प्रॅट मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"नर्सनं सांगितलं ना मास्तर? मग दोरी सोडा," रोंके म्हणाली.

"आजार नसेलही. पण दोरी असली म्हणून काय बिघडतं?"

"मग तुमच्या घराला बांधा की!"

दोरी राहिली. पाण्याच्या बादल्या कुणीतरी दोरीपाशी ठेवून पळून जाई. व्हायोलाने बाळाची लंगोटी वाळत घातली की समोरच्या खिडक्या धडाधड बंद होत. हे सगळे रोंकेने सोसले असते. तिला सोसवेना ते क्लॅरेन्सचे वागणे. तो मागच्या पडवीत चटई टाकून झोपू लागला. मुलीला त्याने एकदाही घेतले नव्हते.

"एवढी सगळी माणसं म्हणतायत, रोंकेताई. काहीतरी असेल माझ्यात," तो म्हणाला.

"तुझ्यात फुफू आहे, मूर्खा! दुसरं काही नाही."

पण तो हसला नाही. बाहेरच्यांनी दोरी बांधली ती निदान दिसत तरी होती. याने आतून बांधून घेतलेली कशी सोडवायची, ते रोंकेला कळेना.

सातव्या दिवशी मुलीला बाहेर काढायचे होते. तिथल्या लोकांचे बारसे म्हणजे हेच. तोवर मूल घराबाहेर आणत नाहीत, त्याचे नाव उच्चारत नाहीत. सातव्या दिवशी घरातली वडीलधारी बाई मुलीला घेऊन गल्लीभर फिरते, हे अमक्याचे घर, हे तमक्याचे, असे तिला सांगते, शेवटी नाव पुकारते, आणि शेजारीपाजारी त्या नावाने मुलीला हाक मारतात. मग चवळी शिजते, आल्याचे सरबत फिरते. नाव घरच्यांनी ठेवले तरी हाक शेजाऱ्यांनीच मारावी लागते. ती कुणी मारलीच नाही तर मूल आपल्या गल्लीत परके राहते.

"पुढच्या महिन्यात करू," व्हायोला म्हणाली. "दोरी सुटली की."

"दोरी सुटायची वाट बघत बसलीस तर ही आपल्या लग्नात स्वतःचं नाव विचारेल. आण इकडे."

रोंकेने ठेवणीतला फुलाफुलांचा झगा घातला, डोक्याला फडके बांधले, मुलीला पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि ऐन सकाळी दोरी ओलांडून ती गल्लीत उतरली.

समितीची दोन धटिंगण माणसे काठ्या घेऊन धावली आणि चार हातांवर थबकली. मास्तरही छडीसारखे ताठ चालत आले. "रोंके! मागं फिर! आत जा आधी!"

"नेऊन सोडा ना मला आत. धरा हाताला."

धरणार कोण? कुणी कुणाला शिवायचे नाही, असा नियमच होता त्या दिवसांत, आणि रोंकेला तर काठीच्या टोकानेही शिवायची कुणाची छाती नव्हती. तिने एक पाऊल टाकले की ते तिघे एक पाऊल मागे जात. ज्या भीतीने तिला कोंडले होते तीच आता तिची वाट मोकळी करत होती. रोंकेला हे कळले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला मजा वाटली.

"बघ गं पोरी," तिने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "हे निकोलकाकूंचं घर. काकू चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात, डोळे मिटून. घरी आल्या की ते डोळे उघडतात आणि थेट दुसऱ्याच्या खिडकीत जातात. तो पडदा हलतोय ना, त्याच्यामागं आहेत काकू. नमस्कार कर."

पडदा हलायचा थांबला.

"आणि हे सॅमी राइटचं घर. तुझ्या आईबापाच्या लग्नात हा इतका नाचला, इतका नाचला की पँट मागून टरकली. मी शिवली ती, त्याच्या अंगावरच, भर मांडवात. तेव्हा माझा हात चालला बरं का याला!"

आतून सॅमीच्या बायकोचे हसू फुटले आणि सॅमीचे "गप गं!" ऐकू आले.

पुढचे घर एस्मेचे. एस्मे म्हणजे रोंकेची लहानपणापासूनची मैत्रीण. तिची बहीण विनी याच आजाराने गेली होती. तिला पुरले कुठे, तेही एस्मेला कुणी धड सांगितले नव्हते. त्या दाराशी रोंकेची जीभ अडखळली.

"हे एस्मेमावशीचं," एवढेच ती हळू म्हणाली आणि पुढे गेली. त्या दाराचा राग तिला सगळ्यात जास्त होता, कारण कळांच्या वेळी तिने सगळ्यात जास्त हाका त्याच दाराला मारल्या होत्या.

गल्लीच्या टोकाला नळ होता. तिथवर मास्तर उलट्या पावलांनी चालत आले होते, घामाने डबडबले होते. त्यांच्या मागे आता भिंतच होती.

"आणि हे प्रॅट मास्तर. यांनी माझ्या या हातांवर चिकार छड्या मारल्या. तेव्हा नाही भीती वाटली मास्तर, माझ्या हातांची?"

"तू लायकच होतीस छड्यांच्या!" मास्तर किंचाळले.

"होतेच. आता ऐका." रोंकेने मुलीला दोन्ही हातांनी वर धरले. "क्लॅरेन्स आणि व्हायोलाची ही लेक. हिचं नाव अबिदेमी!"

या नावाचा अर्थ तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. बाप घरी नसताना जन्मलेली. खलाशांच्या, व्यापाऱ्यांच्या मुलींना ते नाव ठेवत.

"नाही!" मास्तर भीतीबीती विसरून एक पाऊल पुढे आले. "हे नाव चालणार नाही. तिचा बाप काय जहाजावर गेला होता?"

"मग कुठं गेला होता मास्तर? तुम्हीच सांगा. मोठ्यानं सांगा."

मास्तरांनी आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहिले. "अगं, जन्मभर गल्लीची नाचक्की होईल! जो तो विचारेल, अबिदेमी का? हिला अबिदेमी कशासाठी म्हणतात?"

"म्हणून तर ठेवलं. आणि दोनदा हाक मारलीत की मास्तर! देव तुमचं भलं करो."

आधी सॅमीची बायको हसली, मग तिच्या शेजारची, मग बंद खिडक्यांमागे सगळी गल्लीच खदखदू लागली. मास्तर ओशाळून नळाकडे बघत राहिले. पण दार कुणी उघडले नाही. रोंके परत फिरली. चुकून निसटलेल्या हाकेवर पोरीने जन्म काढायचा का, असे तिला वाटले.

एस्मेचे दार उघडे होते. एस्मे उंबऱ्यावर उभी होती, अंतर राखून.

"फोन मी केला होता, रोंके."

रोंकेच्या अंगाचा तिळपापड झाला. ओठांवर आलेले शब्द फक्त कुशीतल्या पोरीमुळे तिने गिळले.

"विनीलाही आधी उचकीच लागली होती," एस्मे म्हणाली. "मी म्हटलं, पाणी पी, थांबेल. बसून राहिले, फोन केला नाही. त्या शनिवारी क्लॅरेन्सची उचकी ऐकली आणि... मला नाही राहवलं गं."

"फोन केलास त्यात तुझं चुकलं नाही," रोंके म्हणाली. तिचा आवाज कडकच होता. "मीही केला असता. पण रक्त स्वच्छ आहे म्हणून ती नर्स ओरडली, तेव्हा तू दार उघडायला हवं होतंस. त्याचा राग आहे मला. तो राहणार आहे, सांगून ठेवते."

"राहू दे."

"मग हाक मार हिला."

"अबिदेमी," एस्मे पुटपुटली.

"अशी? मास्तरांनी बघ कसा आवाज लावला होता. तिच्या बापाला ऐकू जाऊ दे."

एस्मेने पदरासारखे खांद्यावरचे फडके सावरले, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, "अबिदेमी!" वरच्या चढणीपर्यंत ऐकू गेली ती हाक. निकोलकाकूंची खिडकी उघडली आणि तिथूनही बारीक आवाजात कुणीतरी म्हणाले, "अबिदेमी."

रोंके घराकडे वळली. क्लॅरेन्स दाराच्या चौकटीला धरून उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"क्लॅरेन्स! तुझ्या लेकीला हाका मारतायत. तिला अजून बोलता येत नाही. ओ कोण देणार?"

तो हलला नाही. "रोंकेताई, मला काही असलं तर?"

"रक्त स्वच्छ आहे!" रोंकेच्या आधी एस्मेच ओरडली. "मी ऐकलं होतं. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. अबिदेमी! ए अबिदेमी!"

क्लॅरेन्स ओसरी उतरला, दोरी ओलांडून अनवाणीच गल्लीत आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. रोंकेने मुलगी त्या हातांत ठेवली. मग त्याने तिला छातीशी धरले आणि एस्मेकडे वळून ओ दिली.

"ओ! आहे ती. इथंच आहे, माझ्यापाशी."